अंगात भिनलेली भीती

गुरुवार, १३ मार्च २००३. सीएसटीहून सुटलेली कर्जत लोकल रात्री साडेआठच्या सुमारास मुलुंड स्थानकात शिरत असताना महिलांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यात स्फोट झाला. किमान दहा जणांचा जीव गेला, सत्तरच्या आसपास प्रवासी जखमी झाले. १९९३च्या साखळी बॉम्बस्फोटांना आदल्याच दिवशी दहा वर्षं झाली होती. मुलुंडच्या आधी डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला होता. पुढे जुलै २००३ मध्ये घाटकोपरलाच पुन्हा एका बसमध्ये झाला. पूर्व उपनगरांनी आठ महिन्यांत हे तीनदा सोसलं.

अशा प्रत्येक घटनेनंतर मुंबईच्या जिद्दीचं कौतुक होतं. गाड्या भरून धावतात, ऑफिसं उघडतात. पण गाडीत चढणारा माणूस सावरलेला असतोच असं नाही. त्याला हजेरी लावायची असते, महिनाअखेरीला पगार हवा असतो, आणि मुलुंडहून फोर्टला जायला लोकलइतकं स्वस्त आणि वेगवान दुसरं काही नसतं. म्हणून तो चढतो. त्याच्या शरीराचं काय चाललंय, हे कौतुक करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

स्फोटातल्या जखमींची मोजदाद होते ती भाजलेल्या, तुटलेल्या, कानाचे पडदे फाटलेल्या माणसांची. शेजारच्या डब्यात असलेली, धूर आणि किंकाळ्यांमधून वाट काढत घरी पोहोचलेली माणसं कुठल्याच यादीत येत नाहीत. त्यांतल्या काहींना पुढे महिनोनमहिने रॅकवरची बेवारस पिशवी दिसली की घाम फुटतो. ब्रेक करकचून लागला की पाय लटपटतात. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की छातीत धडधड सुरू होते आणि अर्धा तास थांबत नाही. आपण घरात आहोत, सुरक्षित आहोत, हे डोक्याला ठाऊक असतं. शरीराला ते पटत नाही. अशी माणसं मानसोपचारतज्ज्ञाकडे क्वचितच जातात. ती फॅमिली डॉक्टरकडे जातात आणि सांगतात, ‘छातीत भरून येतंय’, ‘झोप लागत नाही’, ‘पोटात सारखा गोळा येतो’. मग ईसीजी निघतो, तो नॉर्मल येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला मिळतो.

हा सल्ला निरुपयोगी का ठरतो, ते समजायला धोक्याच्या क्षणी शरीरात काय घडतं ते पाहावं लागेल. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली त्याचं वर्णन केलं. धोका जाणवताच अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून रसायनांचा लोट उसळतो, हृदय जोरात धावतं, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळतं, बाहुल्या मोठ्या होतात, पचन थांबतं. लढायला किंवा पळायला लागणारी ही सारी तयारी विचार सुरू व्हायच्या आतच होऊन जाते. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची वर्दी देतो आणि कारणमीमांसा करणारा पुढचा मेंदू मागाहून जागा होतो. लढताही येत नाही आणि पळताही येत नाही, तेव्हा शरीर थिजतं. खच्चून भरलेल्या डब्यात हेच होतं. धोका टळला की ही तयारी ओसरायला हवी. बहुतेकांची ओसरतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी आघाताचा प्रसंग येतो; त्यांतल्या ५.६ टक्के माणसांना पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार जडतो. टक्का लहान वाटला, तरी महानगराच्या लोकसंख्येत ती हजारो माणसं होतात. त्यांच्या शरीरातली धोक्याची घंटा बंदच होत नाही.

या माणसांना बोलतं करावं, म्हणजे मन हलकं होईल, अशी बराच काळ समजूत होती. आपत्तीनंतर पहिल्याच दिवसांत एका बैठकीत सगळ्यांकडून घडलेलं वदवून घेण्याची पद्धत जगभर वापरली गेली. कॉक्रेन या संस्थेने २००२ साली अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा या एका बैठकीमुळे पीटीएसडी टळत नसल्याचं दिसलं. काहींना तर उलट त्रासच झाला. त्याचं एक कारण मेंदूच्या चित्रणातून आधीच पुढे आलं होतं. १९९६ साली अमेरिकेत आठ रुग्णांना त्यांच्याच आघाताचं वर्णन ऐकवून त्यांच्या मेंदूचं स्कॅन घेतलं गेलं. अमिग्डालाकडचा भाग उत्तेजित झाला होता आणि ब्रोका क्षेत्र, म्हणजे शब्द जुळवणारा भाग, मंदावला होता. आठवण जागी होते तेव्हा माणसाची वाचाच बसते. तेवढ्यात ‘सांगा ना, काय झालं’ म्हणून त्याच्या मागे लागणं ही त्याच्यावर जबरदस्तीच होते.

महाराष्ट्राने अशा आघाताचा मोठा अनुभव घेतला तो किल्लारीच्या भूकंपात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन करून गावं झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दगड-मातीच्या जाड भिंतींखाली जवळपास दहा हजार माणसं गेली. अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिकांमध्ये मानसिक विकार आढळला. पीटीएसडी आणि नैराश्य सर्वाधिक, आणि बायकांमध्ये जास्त. पुण्याच्या महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थने डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने या माणसांचा दीर्घ अभ्यास केला. घरं नवी मिळाली, तरी छपराखाली झोपण्याची धास्ती अंगातून जात नाही, हे त्या भागात काम केलेल्यांनी जवळून पाहिलं.

मग या शरीरापर्यंत पोहोचायचं कसं? या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात, बरंच आधी शोधलं गेलं होतं. त्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, याची खंत वाटते.

पूर्वपीठिका लोणावळ्याची. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम सुरू केलं आणि बंध-क्रियांच्या वेळी पोटात काय घडतं ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासायला घेतलं. योगाला प्रयोगशाळेच्या टेबलावर आणणाऱ्या जगातल्या पहिल्या काही ठिकाणांपैकी ते एक. पुढे कुवलयानंद आणि डॉ. एस. एल. विनेकर यांनी १९६३ साली योगोपचारावर पुस्तक लिहिलं. याच विनेकरांचं नाव १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका निबंधावर केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते, देशमुख आणि दळवी यांच्यासोबत छापून आलं. विषय होता शवासन आणि रक्तदाब.

त्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं, तेही अगदी मोजूनमापून. रुग्ण उताणा झोपायचा. पायांत तीस अंशांचं अंतर, हात धडापासून पंधरा अंशांवर, बोटं किंचित दुमडलेली, पापण्या मिटलेल्या. श्वास पोटाने, संथ. आत घेतल्यावर क्षणभर थांबायचं, सोडल्यावर जरा अधिक थांबायचं. ही लय बसली की लक्ष नाकपुड्यांकडे न्यायचं. आत येणारी हवा गार लागते आणि बाहेर जाणारी कोमट, एवढंच टिपत राहायचं. असा अर्धा तास. औषध न घेणाऱ्या दहा जणांच्या गटाचा सरासरी धमनीदाब १३४ वरून १०७ वर आला. औषधं घेणाऱ्यांपैकी अनेकांचा डोस पूर्वीच्या जवळपास एक-तृतीयांशावर आणता आला. आजच्या निकषांनी हा अभ्यास लहान आहे, आणि तो आघातग्रस्तांवर नव्हता. तरी पुढे लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७० च्या दशकात रक्तदाबासाठी योग आणि बायोफीडबॅक यांच्या चाचण्या घेतल्या आणि त्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. केईएमने दाखवलेली वाट बरोबर होती.

त्यामागचं शरीरशास्त्र आता बरंच उलगडलं आहे. मेंदूपासून निघून गळा, हृदय, फुप्फुसं आणि आतड्यांपर्यंत जाणारी व्हेगस नस हृदयाला ब्रेक लावायचं काम करते. श्वास आत घेताना हा ब्रेक सैल होतो, ठोके वाढतात. सोडताना तो दाबला जातो, ठोके मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती उतरते. हृदयाचे ठोके, घाम, रक्तदाब हे सारं आपल्या मर्जीबाहेर चालतं. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि मनात आलं तर आपल्या मर्जीनेही चालवता येतो. शरीराशी काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक पद्धतीची सुरुवात श्वासापासून होते, ती यासाठी.

देहकेंद्री उपचार म्हणजे यापुढची पायरी. अमेरिकेतले पीटर लेव्हिन यांनी ‘सोमॅटिक एक्स्पीरिअन्सिंग’ नावाची पद्धत घडवली आणि १९९७ च्या पुस्तकातून ती लोकांसमोर मांडली. लोकलच्या स्फोटातून वाचलेली एक बाई अशा उपचारासाठी आली आहे, असं धरून चालू. उपचारक तिला त्या रात्रीबद्दल लगेच विचारत नाही. आधी विचारतो, खुर्चीत पाठ टेकली आहे का, तळवे जमिनीला लागलेत का. मग खोलीत नजर फिरवायला सांगतो: खिडकी, पंखा, दार. दार कुठे आहे हे पाहिलं की खांदे थोडे खाली येतात. आता शरीरात कुठे बरं वाटतंय? ती म्हणते, हात उबदार आहेत. तिथे जरा थांबायचं. मग अगदी थोडं त्या आठवणीकडे वळायचं, गाडीचा आवाज एवढंच. घसा आवळला? थांबा. परत हातांकडे या. घसा किती वेळात सैल होतो ते पाहा. असं ये-जा करत करत शरीराला कळतं की ही भीती चढते तशी उतरतेही. संपूर्ण प्रसंग एका बैठकीत कधीच उकरायचा नाही. कधी पाय थरथरतात, कधी हात काहीतरी ढकलायला पुढे होतात. त्या रात्री गर्दीत जी हालचाल करता आली नाही, ती इथे सावकाश करू दिली जाते.

हे चालतं का? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत राजा सेल्वम आणि सहकाऱ्यांनी १५० आपद्ग्रस्तांना अशी एकच ७५ मिनिटांची बैठक दिली. आठ महिन्यांनी ९० टक्क्यांनी लक्षणं गेल्याचं किंवा बरीच कमी झाल्याचं सांगितलं. ऐकायला हे फार चांगलं वाटतं, पण तुलनेला उपचार न दिलेला गट नव्हता, आणि काळ जातो तशी काही माणसं आपोआपही सावरतात. अधिक काटेकोर चाचणी इस्राएलमध्ये झाली, २०१७ साली, ६३ जणांवर. उपचार मिळालेल्यांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली. नागपट्टिनमच्या छावण्यांमध्ये १८३ जणांवर झालेल्या अभ्यासात श्वसनाचे योगप्रकार शिकवलेल्यांच्या लक्षणांचे गुण सहा आठवड्यांत चाळीसहून अधिक अंकांनी उतरले, तर वाट पाहणाऱ्या गटाचे पाच अंकांनीही उतरले नाहीत.

योगाबाबतचा सर्वांत चर्चिलेला अभ्यास बॉस्टनचा. बेसल व्हॅन डर कोक यांनी २०१४ साली औषधांना आणि समुपदेशनाला दाद न देणाऱ्या ६४ आघातग्रस्त बायकांचे दोन गट केले. एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ आरोग्यविषयक माहिती आणि आधार. शेवटी योगाच्या गटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. पुढच्या पाठपुराव्यात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या बायका नंतरही योग नेमाने करत राहिल्या, त्यांचा त्रास अधिक कमी झाला.

पण तो योग मुलुंडच्या किंवा ठाण्याच्या नेहमीच्या वर्गातल्यासारखा नव्हता, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. इथे सोसायटीच्या हॉलमध्ये, उद्यानात, अंबिका योग कुटीरसारख्या संस्थांच्या शाखांमध्ये योग मुबलक शिकवला जातो. हे आपलं भाग्यच आहे. तिथे शिक्षक सांगतो, विद्यार्थी करतो. चुकलं तर शिक्षक मागून येऊन खांदा सरळ करतो. निरोगी माणसाला हे उपयोगी पडतं. ज्या बाईवर अत्याचार झाला आहे, तिच्या पाठीमागून अचानक हात आला तर ती हादरून जाते. उताणं पडून डोळे मिटणं, श्वास रोखणं, यानेही काहींना धाप लागते. म्हणून डेव्हिड इमर्सन यांनी घडवलेल्या आघात-सजग योगात शिक्षक हात लावत नाही आणि हुकूम देत नाही. ‘हात वर करा’ऐवजी ‘वाटलं तर हात वर करून पाहा’ म्हणतो. डोळे उघडे ठेवायची मुभा असते, मध्येच थांबायचीही. आघातात माणसाच्या शरीरावरचा त्याचा ताबा हिरावून घेतलेला असतो. वर्गात पुन्हा कुणी दुसऱ्याने तो ताबा घेतला, तर उत्तम आसनांचाही काही फायदा नाही. डॉ. दाते यांचं शवासन आघातग्रस्तांना शिकवायचं तर तेही बसून, डोळे उघडे ठेवून, पाच मिनिटांपासून सुरू करावं लागेल.

हालचालीतून उपचार करणारी आणखी एक शाखा मुंबईत रुजते आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि नर्तिका सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली ‘कोलकाता संवेद’ सुरू केली आणि देहविक्रयासाठी विकल्या गेलेल्या मुलींसोबत नृत्य-हालचाल उपचारांचं काम केलं. गेल्या दशकात या संस्थेने देवनारच्या टाटा समाज विज्ञान संस्थेबरोबर या विषयाचा पदविका अभ्यासक्रम चालवला. या मुलींना स्वतःचं शरीर लाजेचं आणि वेदनेचं ठिकाण वाटत असतं. घुंगरू बांधून स्टेजवर नाचवणं हा इथे हेतूच नाही. वर्तुळात उभं राहून एकीने केलेली हालचाल दुसरीने उचलायची, मोकळी जागा व्यापायची, ‘नाही’ म्हणताना हात कसा उभा राहतो ते करून पाहायचं, अशा छोट्या गोष्टींमधून ते शरीर पुन्हा तिचं होतं.

आणि ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेला उपचार. १९८७ साली फ्रान्सिन शपिरो यांच्या लक्षात आलं की डोळे डावी-उजवीकडे हलत असताना त्रासदायक विचाराची धार बोथट होते. त्यातून त्यांनी आठ टप्प्यांची पद्धत बांधली. सहाव्या टप्प्यात आठवण मनात धरून डोक्यापासून पायापर्यंत शरीर चाचपायचं असतं. कुठे ताण उरला असेल तर काम संपलेलं नाही. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर परदेशी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणातून ही पद्धत भारतात आली आणि मुंबईच्या मानसशास्त्रज्ञ डॉ. सुषमा मेहरोत्रा यांनी ती पुढे नेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीटीएसडीसाठी ईएमडीआर आणि आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार या दोन्हींची शिफारस केली. सोमॅटिक एक्स्पीरिअन्सिंगच्या पाठीशी अजून एवढा पुरावा जमलेला नाही. २०२१ साली त्याच्यावरच्या १६ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. निष्कर्ष आशादायक, पण अभ्यासांचा दर्जा कमकुवत. योगाची जागा सध्या जोडउपचाराची आहे. पीटीएसडीची औषधं मनाने बंद करून कुणी फक्त प्राणायामावर विसंबू नये.

आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘आघात स्नायूंत साठतो’ हे वाक्य अलीकडे समाजमाध्यमांवर फार फिरतं. आठवण साठते ती मेंदूत आणि मज्जासंस्थेच्या सवयींत; स्नायूंचा ताण हा त्या सवयीचा परिणाम असतो. ‘तुमच्या कमरेत लहानपणचा अत्याचार अडकला आहे’ असं कुणी मसाज करता करता सांगत असेल, तर तिथून उठून यावं. दुखणाऱ्या कमरेवरून घटनेचा शोध लागत नाही. अमेरिकेत १९८० आणि ९० च्या दशकांत उपचारकांनी अशाच ‘सापडलेल्या’ आठवणी रुग्णांच्या गळी उतरवल्या आणि अनेक कुटुंबं उद्ध्वस्त झाली. मणक्याचा विकार, थायरॉइड, हृदयविकार यांची तपासणी आधी व्हायला हवी. छातीतली प्रत्येक धडधड भीतीचीच असते असं नाही.

मुलुंडच्या माणसासाठी मदत तशी लांब नाही. एका स्टेशनच्या अंतरावर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे, आणि १९०१ सालापासून उभं असलेलं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, जिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत उपलब्ध आहे. आपत्तीनंतरचा पहिला महिना बहुतेकांना झोप, जेवण, जवळची माणसं आणि दिनक्रम एवढंच पुरतं. महिना उलटूनही दचकणं, दुःस्वप्नं, प्रवास टाळणं चालूच असेल तर तज्ज्ञाकडे जावं.

तज्ज्ञ निवडताना थोडी चौकशी करायला संकोच नको. ‘सोमॅटिक’, ‘ट्रॉमा’, ‘हीलिंग’ हे शब्द पाटीवर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या रजिस्टरमध्ये असते, मनोविकारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे. ती मागून पाहावी. देहकेंद्री पद्धतीचं प्रशिक्षण कुठे आणि किती काळ झालं, किती बैठका लागतील, फी किती, हे पहिल्याच भेटीत विचारावं. स्पर्श होणार आहे का आणि नको असेल तर चालेल का, हेही विचारावं. या प्रश्नावर उपचारक नाराज झाला, तर दुसरा उपचारक शोधावा.